साक्षीवेलीचा वारा

सुवर्णा कलशेट्टीच्या दुकानात कॉम्प्युटर मरायचे, पण त्यांचे पंखे मरत नसत. बोर्ड जळलेला असो की पेटीच गंजलेली असो, भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी बाई आतला पंखा सोडवून घेणार म्हणजे घेणार. पुढे सगळा कारभार भिंतीवरच्या पडद्यांवर आणि मनगटांवर गेला, पेट्या दुरुस्त करून घेणारं कुणी उरलं नाही. सोलापुरातल्या यंत्रमागांच्या गल्लीतलं तिचं दुकान बंद झालं आणि पंख्यांची पोती जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली येऊन बसली. तिचा नवरा विरूपाक्ष म्हणायचा, हे सगळे एकदम फिरायला लागले तर पलंग आपल्याला घेऊन विजापूरला जाईल.

तो स्वतः काही कमी हट्टी नव्हता. त्याचा धंदा शेंगाचटणीचा. दाणे भाजायचे, लसूण-तिखट-मीठ घालून उखळात कुटायचे, एवढंच काम. पण भाजणी कुठे थांबवायची हे तो फक्त वासावर ठरवायचा. भाजायचं यंत्र घ्या म्हणून किती जण सांगून गेले. तो बोटाने नाक दाखवायचा आणि पुढचा घाणा कढईत ओतायचा. गॅसकडे पाठ करून गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता तो अचानक वळून कढई उतरवायचा, आणि दाणे बरोबर त्या क्षणाला झालेले असायचे. सुवर्णाचं नाक मात्र यथातथाच. इतकी वर्षं यंत्रमागांच्या शेजारी बसून त्यात सूत भरलंय, असं ती म्हणायची.

पलंगाखालच्या पंख्यांना काम मिळालं ते उन्हाळ्यामुळे. आता फेब्रुवारी उजाडला की सोलापूर खिडक्या लावून घेतं ते थेट पावसाळ्यापर्यंत. बाल्कनीत काही जगत नाही म्हणून लोकांनी कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता घरात आणला आणि बंद घरात ती रोपं बुरशीने कुजायला लागली. कारण साधं होतं. हवा हलली नाही की पानाला स्वतःच्याच ओलसर हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो. त्यातून पान ना नीट श्वास घेऊ शकतं, ना घाम टाकू शकतं. हलकी झुळूक आली की तो थर निघतो. सुवर्णाने एक जुना पंखा मोबाइलच्या जुन्या चार्जरला जोडला. कमी दाबाच्या विजेवर तो आवाज न करता सावकाश फिरायला लागला आणि चार दिवसांत पुदिना तरारला. मग काय, बिल्डिंगमधल्या प्रत्येक कुंडीमागे तिचा पंखा लागला. शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या पद्माक्का येमुल, बालवाडीच्या निवृत्त बाई, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की आमच्या सुवर्णाने तुळशीला एसी बसवलाय.

साक्षीवेल आली ती त्यानंतर.

दिसायला मनी प्लांटच, पण प्रयोगशाळेत पेशी बदलून तयार केलेला. त्या सुमारास विस्मरणाच्या एका आजाराने लोकांना धास्ती बसवली होती. डॉक्टरांकडे त्याचं लांबलचक नाव होतं. लोक म्हणायचे, अमक्याला पुसट लागलं. पुसट लागलेल्या माणसाच्या अंगाचा वास आजार कळायच्या खूप आधी बदलतो, हे संशोधकांना सापडलं होतं. कातडीवरचा तेलकटपणा वेगळ्या तऱ्हेने विघटित होतो आणि काही विशिष्ट रेणू हवेत मिसळतात, इतके थोडे की माणसाच्या नाकाला पत्ता लागू नये. साक्षीवेलीला ते कळायचे. तसल्या हवेत उमलणाऱ्या नव्या पानाच्या शिरा लाल व्हायच्या. जुनी पानं होती तशीच राहायची. रक्ताच्या तपासणीत आजार दिसायला आणखी वर्ष-दीड वर्ष जायचं, म्हणून रक्त स्वच्छ आणि पान लाल असेल तर पानावर विश्वास ठेवा, असं डॉक्टर सांगत.

पन्नाशीपुढच्यांच्या घरांना वेल आरोग्य योजनेतून मिळायची. पद्माक्कांनी ती घेतली नव्हती. झाडाने माझी परीक्षा घ्यायची म्हणजे अतीच झालं, म्हणाल्या. वेल ठेवायची पंखेवाली काचपेटी मात्र विकत घ्यावी लागे आणि तिची किंमत ऐकून सुवर्णा हसली होती. आत हवा ओढणारा एक पंखा, बाहेर टाकणारा एक, एवढ्यासाठी एवढे पैसे? तिने दिवाणखान्यातल्या भिंतीतल्या टीव्हीच्या कोनाड्याला काच लावली, खाली एक आणि वर एक पंखा बसवला, आणि अर्ध्या तासात वेल आत ठेवून हात झटकले.

दिवाळी झाल्यावर एक नवं पान उलगडलं. त्याच्या शिरा लाल होत्या.

सुवर्णाला आधी वाटलं उजेडाचा खेळ आहे. पुढचं पानही तसंच आलं तेव्हा तिने विरूपाक्षला हाक मारली. वेल घर ओळखते, माणूस ओळखत नाही. घरात माणसं दोन. रक्त दोघांचंही स्वच्छ निघालं. मग डॉक्टर इनामदारांनी दोघांना समोर बसवून बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. नावं विसरता का, हात थरथरतो का, नसलेल्या गोष्टी दिसतात का, नसलेले वास येतात का?

या शेवटच्या प्रश्नाला विरूपाक्षच्या आधी सुवर्णाने उत्तर दिलं. गेले काही महिने हे दर शुक्रवारी म्हणतात, तिने सांगून टाकलं, वेलीजवळ ऊदाचा वास यालाय म्हणून. आमच्याकडे ऊद जळत नाही, खिडक्या बंद, मी नाक लावून बघते तर काही नाही.

“वास येतो डॉक्टर,” विरूपाक्ष म्हणाला. “माझं नाक खोटं बोलत नाही.”

डॉक्टरांनी मान हलवली. नसलेला वास येणं हे या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण, आणि रुग्णाला तो खराच वाटतो. त्यांनी ते मऊ आवाजात सांगितलं, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते दगडासारखं लागलं.

औषध होतं, आणि ते खात्रीचं होतं. पण ते मेंदूपर्यंत पोचवायची वाट एकच होती. मेंदूभोवती एक पहारा असतो, रक्तातून आलेलं बहुतेक औषध तिथेच अडतं. वासाच्या नसा तेवढ्या नाकाच्या छपरातून सरळ मेंदूत शिरतात. औषध नाकात सोडायचं, त्या नसांवरून ते आत चढतं, आजार जागच्या जागी थांबतो. गेलेली आठवण परत येत नाही, पुढची वाचते. मात्र ज्या नसांवरून औषध जातं त्या जळून जातात. वास जातो तो कायमचा. आणि पहिलं लाल पान दिसल्यापासून दीड वर्षाच्या आत औषध घेतलं तरच उपयोग.

विरूपाक्ष महिनाभर नाही म्हणत राहिला. नाक गेलं तर मी काय उरलो, असं त्याचं म्हणणं. सुवर्णा भांडली, रडली, पुण्याच्या लेकीला फोन लावून तिलाही समजावायला लावलं. शेवटी एकदा जेवता जेवता ती म्हणाली, “चटणी ओळखता आली नाही तर मी ओळखीन. मला ओळखलं नाही तर कोण ओळखणार?” त्याने ताटात हात धुतला आणि म्हणाला, ठरव तारीख.

औषध घेतल्यावर आठवड्याभरात त्याचा वास गेला.

पहिला घाणा करपला तेव्हा तो हसला. दुसरा, तिसरा करपल्यावर हसणं थांबलं. सुवर्णा कढईशेजारी उभी राहायला लागली, पण तिच्या सूत भरलेल्या नाकाला दाण्यांचं काय कळणार. झाले म्हणेपर्यंत ते काळे पडलेले असत, किंवा कच्चेच उतरत. जुनी गिऱ्हाइकं आधी काही बोलली नाहीत, मग यायची थांबली. विरूपाक्ष उखळासमोर पाठमोरा बसून रडायचा. बायकोला कळत नाही अशी त्याची समजूत होती, आणि सुवर्णाने ती मोडली नाही.

त्या दिवसांत पद्माक्का होत्या म्हणून घर चाललं. भाकरी घेऊन यायच्या, अण्णा अण्णा करत समोर बसायच्या, तो जेवल्याशिवाय उठायच्या नाहीत. कधी एकाच दुपारी दोनदा भाकरी आणायच्या. सुवर्णाला त्याचं कौतुकच वाटायचं. कधी दारात किल्ली घेऊन उभ्या असायच्या आणि विचारायच्या, मी येत होते की जात होते ओ वैनी? तिघंही हसत.

औषध लागू पडलं की नवी पानं हिरवी येतात. सुवर्णा रोज सकाळी काचेपुढे उभी राहून वाट बघत होती. वर्ष उलटून गेलं तरी पानं आली ती आणखी लाल. डॉक्टर इनामदार बुचकळ्यात पडले. पहिली मात्रा पुरी पडली नसावी, दुसरी द्यावी लागेल, म्हणाले. दुसरीने जिभेची चवही जाऊ शकते हे त्यांनी लपवलं नाही. विरूपाक्षने लगेच होकार दिला. एवढ्या लगेच, की सुवर्णाला त्याची भीती वाटली.

दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी ती कोनाड्यापुढे बसली. तिच्या मनात आलं, पंखा मंदावला असेल तर पानांना ताजी हवा मिळत नसेल, आत जुनीच हवा कोंडली असेल. दुकानात ती पंख्याचं बळ उदबत्तीने बघायची. धूर किती जोरात ओढला जातो त्यावरून अंदाज येतो. तिने उदबत्ती पेटवली आणि खालच्या पंख्यापुढे धरली.

धूर आत गेला नाही. तो तिच्या तोंडावर आला.

तिने डोळे चोळले आणि उदबत्ती पुन्हा धरली. धूर पुन्हा तिच्याच अंगावर. वरच्या पंख्यापुढे धरली, तिथेही बाहेर. दोन्ही पंखे हवा बाहेर फेकत होते. आत ओढणारा एकही नव्हता.

तेव्हा तिला कळलं. यंत्रमागांच्या गल्लीत कॉम्प्युटरच्या पेटीत आत ओढणारा पंखा कुणी ठेवतच नसे. हवेत सूत एवढं, की आठवड्यात पेटीत गादी तयार व्हायची. म्हणून गल्लीतले सगळे दुरुस्तीवाले येईल त्या पेटीचा पुढचा पंखा उलटा करून टाकत. दोन्हींचं तोंड बाहेर. पंचवीस वर्षं तिच्या बोटांनी तेच केलं होतं. घरातही तेच केलं, न विचारता, न बघता. कुंडीमागच्या एकट्या पंख्याचं तोंड कुठेही असलं तरी झुळूक लागतेच. पेटीचं तसं नसतं. बाहेर टाकलेली हवा कुठून तरी आत यायलाच हवी.

मग ती येत कुठून होती?

तिने कुंडी बाहेर काढली, कोनाड्याच्या पाठीचा सैल प्लायवूड ओढला. भिंतीत एक भोक होतं, जुन्या केबलचं. बिल्डरने दोन घरांना एकच वायर टाकली होती आणि वायर गेल्यावर भोक तसंच राहिलं होतं. सुवर्णाने त्यापुढे हात धरला. पलीकडून बारीक, सलग वारा येत होता.

पद्माक्कांच्या दारावर ती चपला न घालताच गेली. शुक्रवार होता. अक्कांच्या पलंगाशेजारी, त्याच भिंतीपाशी, देवीच्या तसबिरीखाली ऊददाणीतून धूर निघत होता. तो वर जात नव्हता, भिंतीकडे वाकत होता. भिंतीवर कॅलेंडर होतं. छताच्या पंख्याच्या वाऱ्याने त्याचं पान फडफडायला हवं होतं. ते भिंतीला घट्ट चिकटलं होतं, पलीकडून कुणी ओढून धरल्यासारखं. सुवर्णाने ते उचललं. मागे भोक होतं.

“वैनी, बसा की,” पद्माक्का म्हणाल्या. “चहा टाकते. अण्णांचं ते औषध कधी हाय?”

उद्या, सुवर्णाने सांगितलं. बरं बरं, म्हणत त्या आत गेल्या, ओट्यावरचा डबा हातात घेऊन परत आल्या आणि त्यांनी विचारलं, “अण्णांचं ते औषध कधी हाय?”

सुवर्णाने तो डबा त्यांच्या हातातून घेतला. इतके महिने ती या बाईच्या हातची भाकरी खात होती, समोर बसून बोलत होती आणि एकदाही तिला काही दिसलं नव्हतं, कारण तिचे डोळे सगळा वेळ नवऱ्यावर लागलेले होते. वेल खरं बोलत होती. ती फक्त दुसऱ्या घराबद्दल बोलत होती. आणि नवऱ्याचं नाक खरं बोलत होतं. त्या नाकाने हे सगळं पहिल्या शुक्रवारीच सांगितलं होतं, आणि ते खरं बोललं म्हणूनच तिने ते जाळून टाकलं.

विरूपाक्ष स्वयंपाकघरात रिकाम्या कढईपुढे बसला होता. काय आणि कसं सांगायचं हे सुवर्णाने ठरवलं नव्हतं. एक क्षण तिच्या मनात असंही आलं, की भोक बुजवावं, पंखा फिरवून सुलटा करावा, दुसरी मात्रा टाळायला काहीतरी कारण काढावं. यांना कळणार नाही. पण मग पद्माक्कांना कोण सांगणार? त्यांच्या पहिल्या लाल पानाला दीड वर्ष व्हायला आता थोडेच दिवस होते. अक्कांना वाचवायचं तर हे नवऱ्यासमोर उघडं करावंच लागणार होतं. तिने जमिनीवर बसून सगळं सांगितलं. पंखे, गल्लीतली सवय, भोक, कॅलेंडर. आवाज एकदाही चढला नाही, कारण तिच्यात तेवढं बळच नव्हतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन बोटांनी आपल्या नाकाचा शेंडा धरला, जणू ते जागेवर आहे का बघतोय.

“म्हणजे ऊद होता,” तो म्हणाला.

“होता.”

“मला वेड लागलं नव्हतं.”

“नाही.”

त्याने कढई उचलली आणि भिंतीवर आपटली. एकदाच. त्याच्या आयुष्यात सुवर्णाने हे कधी पाहिलं नव्हतं. कढई गोल फिरत तिच्या पायाशी येऊन थांबली. तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, अक्कांना सांगितलंस का? ती नाही म्हणाली तेव्हा तो उठला, शर्ट घातला आणि पुढे झाला.

पद्माक्कांना समोर बसवून बोलला तो विरूपाक्षच. वेलीने तुमचा आजार दाखवलाय, तो म्हणाला, चुकून आमच्या घरी दाखवला. पंखा बिघडला होता. त्याने बायकोचं नाव घेतलं नाही. सुवर्णा त्याच्या मागे उभी होती आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. पद्माक्कांनी पदराने तोंड पुसलं. आपल्याला काहीतरी होतंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणाल्या, पण सांगायचं कुणाला. तुम्हाला आधीच एवढा घोर.

“पण अण्णा, वास जाणार म्हणता. कसं वाटतं ओ ते?”

“काही नाही,” विरूपाक्ष म्हणाला. “दोन दिवस वाटतं. मग सवय होती.”

अक्कांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग त्या तयार झाल्या. आरोग्य कार्ड आतल्या कपाटात आहे, घेऊन येते, म्हणून उठल्या. त्या आत गेल्यावर विरूपाक्षने डोळे मिटून घेतले. सुवर्णाने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि ठेवला नाही.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. पद्माक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कार्ड नव्हतं, पाण्याचे दोन पेले होते. दोघांना बघून त्यांचा चेहरा खुलला.

“अगं बाई, तुम्ही दोघं कधी आलात? अण्णा, आज इकडं कसं काय?”

त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. मघाचं सगळं, आजार, औषध, होकार, साफ गेलं होतं. विरूपाक्षने पेला घेतला. सावकाश पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि मघाचं खोटं पुन्हा बोलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

“अक्का, बसा,” तो म्हणाला. “माझं नाक गेलंय. त्याची सवय होत नाही. मी रोज रडतो. तरी तुम्हाला हे औषध आजच्या आज घ्यायचंय.”

“आणि त्यांचं नाक माझ्यामुळं गेलं,” सुवर्णा पुढे येऊन म्हणाली. “पंखा बिघडला नव्हता. मी उलटा लावला होता. तुमचा आजार मी ह्यांच्या अंगावर घातला.”

पद्माक्का एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांचं नाक, एवढंच त्या पुटपुटल्या. मग स्वतःचं काय ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि चला म्हणाल्या. कार्ड आणते म्हणून त्या पुन्हा आतल्या खोलीकडे वळल्या.

सुवर्णाने त्यांचा हात धरला. राहू दे कार्ड, ती म्हणाली, आणि तसाच हात धरून, चपलासुद्धा शोधू न देता, त्यांना लिफ्टपर्यंत घेऊन गेली. विरूपाक्ष वाटभर त्यांच्या कानाशी तेच तेच सांगत राहिला, अक्का, आपण दवाखान्यात चाललोय, तुमच्या औषधासाठी चाललोय.